भंजनीची शिकवणी

दौलताबादचा किल्ला पाहायला आलेल्या पाहुण्याला गाइड चांद मिनार दाखवतो, मेंढा तोफ दाखवतो, अंधारीत नेऊन जरा घाबरवतो. शारंगदेवाचा विषय सहसा निघत नाही. तेराव्या शतकात हा किल्ला देवगिरी होता, सिंघण यादवाचं राज्य होतं आणि दरबाराच्या जमाखर्चाचं खातं शारंगदेवाकडे होतं. आकडेमोडीतल्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या अध्यायात ‘भंजनी’ नावाची एक गोष्ट आहे. रचनेचे शब्द तेच, ताल तोच, पण चाल मोडायची आणि गाता गाता नव्याने बांधायची.

न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय वादकांनी जॅझ घडवलं, त्याला जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. पण जॅझचा वादक उभ्या उभ्या करतो ते हेच. आधी गाण्याची चाल सरळ वाजवतो, मग ती मोडतो. खालचा साचा हलत नाही, वरचं सगळं हलतं. भंजनी हा शब्द ज्या मातीत लिहिला गेला, तिथून संभाजीनगरचा क्रांती चौक पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. आणि त्या शहरात कोणाला जॅझ शिकावंसं वाटलं, की पहिला सल्ला मिळतो तो पुण्या-मुंबईची वाट धरण्याचा.

हा सल्ला चुकीचा आहे. जॅझमधला उत्स्फूर्त विस्तार घरी, एका शिक्षकासमोर बसून शिकता येतो. किंबहुना तो शिकायची ती जुनी आणि चांगली जागा आहे. अडचण आहे ती आपल्याकडच्या शिकवणीच्या रीतीत.

सिडकोपासून गारखेड्यापर्यंत घरगुती शिकवण्यांना तोटा नाही. पेटी-तबला होतेच, आता कीबोर्ड आणि गिटारही आले. मूल वर्षभर दोन-तीन तुकडे घोटतं, परीक्षा देतं, प्रमाणपत्राला चौकट बसते. पुढच्या वर्षी पुढचे तुकडे. रागसंगीताच्या शिकवण्याही यातून सुटलेल्या नाहीत. परीक्षा जवळ आली की वहीत यमनच्या पाच ताना लिहून मिळतात, त्या त्याच क्रमाने पाठ होतात आणि परीक्षकापुढे ‘विस्तार’ म्हणून सादर होतात. विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याने गाणं घराघरांत पोचलं, हे उपकार मोठेच. पण पाठ केलेल्या तानेला विस्तार म्हणण्याची सवयही याच परीक्षांच्या वाटेने लागली. जॅझ शिकायला बसलेल्या माणसाला ही सवय सर्वांत आधी नडते.

न्यूयॉर्कमध्ये लेनी ट्रिस्टानो नावाचा पियानोवादक होता. लहानपणीच दृष्टी गेलेली. जॅझचा विस्तार पद्धतशीर शिकवणाऱ्या अगदी पहिल्या काही शिक्षकांत त्याचं नाव घेतात, आणि त्याच्या आयुष्याचा मोठा भाग शिकवण्यातच गेला. पुढे तर शिष्य त्याच्या राहत्या घरीच यायचे. ली कोनिट्झ आणि वॉर्न मार्श हे सॅक्सोफोनवादक त्याच्या तालमीत तयार झाले. नव्या शिष्याला तो वाद्य बाजूला ठेवायला लावायचा. लेस्टर यंगने सॅक्सोफोनवर वाजवलेला एखादा विस्तार रेकॉर्डवर ऐकायचा आणि तो गळ्याने म्हणायचा. आधी रेकॉर्डबरोबर, मग रेकॉर्ड बंद करून. श्वास कुठे घेतला, स्वर कुठे जरा मागे ओढला, हे सगळं गळ्यात बसेपर्यंत वाद्याला हात नाही. डेट्रॉइटचा बॅरी हॅरिस हा दुसरा पियानोवादक, 1950 च्या दशकात त्याचं घर म्हणजे शहरातल्या तरुण वादकांची शाळाच झालं होतं. त्याला स्वतःला पियानोचे पहिले धडे मिळाले ते आईकडून, वयाच्या चौथ्या वर्षी. आई चर्चमध्ये पियानो वाजवायची.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. गुरूने म्हणायचं आणि शिष्याने मागून म्हणायचं, ही आपल्याकडची तालीमच आहे. ट्रिस्टानोने गुरूच्या जागी ग्रामोफोन बसवला, इतकंच.

घरातल्या तालमीतून जॅझपर्यंत गेलेला आपल्या ओळखीचा माणूस म्हणजे त्रिलोक गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू त्यांच्या आई. शोभाताईंच्या आई मेनकाबाई शिरोडकर याही गायिका, म्हणजे गाणं घरात आधीच दोन पिढ्या मुरलेलं. (गुर्टू हे काश्मिरी आडनाव. शारंगदेवाचे आजोबाही काश्मीरहूनच दक्षिणेत उतरले होते. योगायोग म्हणून सोडून द्यायचा, पण सोडवत नाही.) त्रिलोक 1951 चे, मुंबईचे. आईने तबल्याला बसवलं, शाह अब्दुल करीम यांच्याकडे शिक्षण झालं. पाश्चात्त्य संगीत मात्र ते रेकॉर्ड ऐकून शिकले आणि तिथे एक मजेदार घोटाळा झाला. स्टुडिओत एकच वादक एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जे ऐकू येतंय ते सगळं एका दमात वाजतंय, असं समजून ते सगळे भाग एकदम वाजवायला शिकले. ही हकिकत त्यांनीच पुढे दूरचित्रवाणीवर सांगितली आहे. शंका विचारायला कोणी शेजारी असतं, तर कदाचित हे घडलंच नसतं!

पुढे ते ऑरेगॉन या गटात आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत वाजवते झाले. 1988 च्या ‘उस्फ्रेत’ या अल्बमवर त्यांच्यासोबत डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे आणि शोभाताईंचा गळाही आहे. ठुमरीत एकच ओळ दहा अंगांनी सांगायची असते. ज्या मुलाच्या कानावर लहानपणापासून ते पडलं, त्याला चाल मोडण्याचं भय कुठून असणार?

मात्र रागदारी येते म्हणून जॅझही येईल, हा समज फसवा आहे. तानपुऱ्याचा सा मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. जॅझमध्ये पायाखालची जमीनच दर दोन-चार मात्रांनी सरकते. चांगला तयार गायकही तिथे यमनची सुरेख तान घेऊन उभा राहतो आणि खालचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा जुडगा, बदलला की ती तान अधांतरी लटकते. ही सरकती जमीन कशी शिकवायची, हा घरगुती शिकवणीतला खरा कसोटीचा धडा.

त्याला महागडा पियानो लागत नाही. समजा, ज्योतीनगरातला एखादा फ्लॅट आहे, समोर आजीची जुनी पेटी आहे. पांढरी एक हा सा धरायचा. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने चार पट्ट्या एकदम: रे, म, ध आणि वरचा सा. नुसतं वाजवून सोडायचं नाही, त्यावर म लावून गायचा. मग प, नी, रे, म अशा चार पट्ट्या. गळ्यातला म तसाच ठेवायचा. मग सा, ग, प, नी. आता म ला तिथे राहवत नाही, तो अर्ध्या पायरीने उतरून ग वर येतो. पुन्हा पहिल्यापासून, या खेपेला वरचा सा धरून: दुसऱ्या कॉर्डवर तो नी वर उतरतो आणि तिसऱ्यावर तिथेच विसावतो. म-म-ग आणि सा-नी-नी. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या, सगळे स्वर बिलावलचे. हे तीन कॉर्ड जॅझच्या असंख्य गाण्यांच्या मुळाशी आहेत. त्यांच्यातून वाहणारे हे दोन बारीक ओहोळ गळ्याला सापडले, की पुढे कुठल्या स्वरावर पाय ठेवायचा ते पाठ करावं लागत नाही. आठवडाभर एवढंच केलं तरी खूप झालं. शिकवणीला मूल पाठवणाऱ्या पालकांना हे पटवणं अवघड, कारण आठवड्याच्या शेवटी पाहुण्यांना वाजवून दाखवण्यासारखं काहीच हाती नसतं.

लयीच्या बाजूला मात्र आपल्या मुलांना आयतं भांडवल आहे. जॅझचा सर्वांत सोपा आणि सर्वांत खोल साचा म्हणजे बारा मापांचा ब्लूज. एकेका मापात चार मात्रा, एकूण 48. म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं. सा वर उभारलेला कॉर्ड चार मापं, मग म चा दोन, पुन्हा सा चा दोन, शेवटच्या चार मापांत प, म आणि घरी परत. ज्याला आवर्तन मनात धरून बोलता-चालता समेवर यायची सवय आहे, त्याचा या 48 मात्रांत जीव घाबरा होत नाही. पाश्चात्त्य पद्धतीने फक्त कागद वाचायला शिकलेल्या मुलाचा होतो. गडबड होते ती समेच्या प्रेमामुळे. प्रत्येक फेरीअखेर तिहाई मारून समेवर धाडकन आदळायचा मोह आपल्याला आवरत नाही. जॅझमध्ये ते तळ्यात धोंडा टाकल्यासारखं ऐकू येतं. तिथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि वाक्य बऱ्याचदा समेच्या अलीकडे किंवा पलीकडे संपवायचं. टाळी पहिल्या मात्रेवर पडायची सवय मोडून दुसऱ्या-चौथ्यावर चुटकी वाजवत जेवणानंतरची शतपावली घालावी. शेजारी हसतील, हसू द्यावं.

‘मग ऑनलाइन शिका की!’ हा दुसरा सल्ला. तो अर्धाच बरोबर आहे. संध्याकाळी सातला इथे बसलं, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, तेव्हा तिथला शिक्षकही गाठता येतो. त्याने वाजवायचं, आपण उत्तर द्यायचं, इथवर ठीक चालतं. एकत्र वाजवणं मात्र जमत नाही. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. आवाज पोचायला पाव सेकंद उशीर झाला तरी अर्धी मात्रा हुकली. सवाल-जवाब होतात, संगत होत नाही. आणि जॅझमध्ये संगत हीच तर निम्मी शिकवण आहे.

अमेरिकेत जेमी एबरसोल्ड याने 1967 पासून संगतीच्या या अडचणीवर एक तोडगा काढला. त्याने फक्त साथीच्या रेकॉर्ड बाजारात आणल्या. एका बाजूच्या स्पीकरमधून बास, दुसऱ्या बाजूने पियानो, जे वाद्य आपलं असेल ती बाजू बंद करून आपण वाजवायचं. आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालमाला याच जातीचे. आता ते सगळं फोनमध्ये आलं आहे. ही साधनं कामाची आहेत, पण त्यांचा एक दोष आहे: ती कधी रागावत नाहीत. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची गोष्ट या संदर्भात सांगतात. कॅन्सस सिटीतला पोरसवदा पार्कर भर मैफलीत वाट चुकला, तेव्हा ड्रमवादक जो जोन्सने त्याच्या पायाशी झांज भिरकावली. पुढच्या उन्हाळ्यात, 1937 मध्ये, पार्कर डोंगराळ भागातल्या एका मुक्कामी लेस्टर यंगच्या रेकॉर्ड घेऊन बसला आणि त्या स्वर न् स्वर उतरवून परतला. झांज पडली म्हणून तो रियाजाला बसला. फोनमधली साथ आपण चुकलो तरी बिचारी वाजतच राहते.

आपल्याकडेही ही विद्या शाळेत वाढली नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. त्यामुळे कागद वाचणारे पटाईत वादक तयार झाले. चाल मोडायला मात्र ते मुंबईत शिकले: रेकॉर्ड ऐकून, आणि 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवायला आलेल्या टेडी वेदरफर्डसारख्या अमेरिकी वादकांच्या शेजारी बसून. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट कानात साठवत ‘चिक चॉकलेट’ झाला. मग 1949 चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि यातले कितीतरी वादक फिल्म स्टुडिओंत शिरले. तिथे त्यांना भेटला गोदाकाठच्या पुणतांब्याचा माणूस, रामचंद्र नरहर चितळकर. सी. रामचंद्रांचं शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांकडचं, कान मात्र सगळीकडे. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला आणि 1951 च्या ‘अलबेला’त बँडसह पडद्यावरही दिसला. पुणतांब्यावरून वाहणारी गोदावरी पुढे पैठणला येते. जॅझ मराठवाड्याला परकं आहे असं म्हणणाऱ्याने हा नकाशा एकदा पाहावा.

तेव्हा संभाजीनगरात कमतरता आहे ती संगतीची. घरच्या शिकवणीने गळा आणि कान तयार होतील, पण महिन्यातून दोनदा तरी तीन-चार जणांनी एका खोलीत एकत्र बसल्याशिवाय त्याचं जॅझ होणार नाही. ड्रमसेट नसला तर तबला चालेल, बास नसला तर कीबोर्डचा डावा हात. आणि फुंकीची वाद्यं? ती शहरात कधीपासून आहेत. लग्नाच्या बँडपार्ट्यांत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणारी माणसं आहेत. नव्या सिनेमाचं गाणं एकदा ऐकून संध्याकाळच्या वरातीत वाजवतात, घोडा अडला तर अंतरा लांबवतात, नाचणाऱ्यांचा रंग पाहून चाल फिरवतात. वहीतल्या तानांवर वाढलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा हे लोक जॅझच्या अधिक जवळ आहेत, फक्त तसं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांना साथीला बोलवायचं तर चहा-पोह्यांवर भागवू नये, वरातीत मिळतो तसा मेहनताना द्यावा. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त थंडावतात. गणपतीचे दिवस सोडले, तर त्या महिन्यांत त्यांच्या रविवारच्या संध्याकाळी बऱ्याचशा मोकळ्या असतात.