टाय कापणाऱ्या बायका

कार्निव्हल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोवा येतो, नाहीतर टीव्हीवर दिसणारं ब्राझीलमधलं रिओ. पिसांचे मुकुट, ढोल आणि भरपूर ऊन! पण जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठावर हाच सण ऐन थंडीत येतो आणि त्यातला एक अख्खा दिवस बायकांचा असतो. ‘वायबरफास्टनाख्ट’ असं त्याचं बोबडी वळवणारं नाव. ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ ज्या बुधवारी सुरू होतो, त्याच्या आधीचा हा गुरुवार. सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी बायकांचं राज्य सुरू होतं. हातात कात्री घ्यायची आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापायचा! मग तो बँकेतला साहेब असो की दुकानाचा मालक. बदल्यात गालावर एक पापी, की झाली फिट्टंफाट. जाणते पुरुष त्या दिवशी मुद्दाम जुनापाना टाय घालून येतात.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं बॉन शहरात होतो. २०१८ साली हा गुरुवार ८ फेब्रुवारीला आला. जर्मन भाषेच्या क्लासमधल्या आम्ही चौघी मैत्रिणी, एक पोलंडची, एक तुर्कस्तानची, एक सीरियाची आणि मी कराडची, नदीपलीकडच्या बॉयल भागात निघालो. आमच्या क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या, “डोक्याला रुमाल बांधा, कमरेला एप्रन लावा, झालात तुम्ही धुणेवाल्या!” सीरियाची मैत्रीण हसून म्हणाली, “म्हणजे माझा अर्धा वेश तयारच आहे.”

धुणेवाल्याच का, तर या दिवसाची गोष्टच त्यांची आहे. दोनशे वर्षांपूर्वी बॉयल म्हणजे धुण्याचं गाव. कोलोनच्या श्रीमंतांचे कपडे इथे येत. नदीच्या पाण्यात ते धुवायचे, काठावरच्या गवतावर पसरून उन्हात पांढरेशुभ्र करायचे, हे सगळं काम बायकांचं. धुतलेले कपडे पोचवायला मात्र पुरुष कोलोनला जायचे. तिथे कार्निव्हलची धमाल, मग पुरुष तिकडेच रमायचे आणि खिसा रिकामा करून परत यायचे. हिवाळ्यातल्या गार पाण्यात हात घालणाऱ्या बायकांच्या वाट्याला काय? पुढचं गाठोडं! १८२४ मध्ये या बायकांनी हात झटकले आणि स्वतःची एक समिती काढली. कार्निव्हलच्या गुरुवारी काम बंद. पुरुषांना आत प्रवेश नाही. त्या बैठकीत म्हणे एकेकीनं आपापल्या नवऱ्याचे प्रताप सांगायचे. अशा बैठकीत आपल्याकडे रात्र पुरली नसती!

पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस या बायकांनी थेट नगरपालिकेच्या इमारतीवर चाल करायला सुरुवात केली. तेव्हापासून दरवर्षी एक ‘धुणेवाल्यांची राजकन्या’ निवडली जाते आणि तिच्या मागोमाग सगळ्या जणी त्या इमारतीवर चढाई करतात. आतले लोक लुटूपुटूची लढाई करतात आणि शेवटी शरण येतात.

आम्हीही त्या गर्दीत ‘आलाफ’ ओरडत होतो. हा तिकडचा जयघोष. वरून गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस, बोटं थंडीनं बधिर आणि हातात जॅम भरलेला तळलेला गोड पाव. आणि आमच्या पुढे कोण, तर आमच्या क्लासच्या बाई! वय सत्तरीपुढचं, गालांवर लाल रंगाचे ठिपके, हातात कात्री. चारच महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते. आम्ही सगळ्या भेटायलाही गेलो होतो.

मला राहवलं नाही. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, “तुम्ही आज आलात, तर कुणी काही म्हणणार नाही ना?” त्यांना प्रश्नच कळेना. मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, “मी बॉयलची आहे. माझी आजी इथे लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. मी नाही येणार तर कोण येणार?”

त्या उत्तरानं मला विचारात टाकलं ते आजपर्यंत. नवरा आहे की नाही, हा त्या सणाचा प्रश्नच नव्हता. तू राबतेस ना? मग हा दिवस तुझा. आपल्याकडे बायकांचे सण काय कमी आहेत? वटपौर्णिमा, मंगळागौर, संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू. हौस, गाणी, खेळ, सगळं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण प्रत्येकाच्या दारात नवरा उभा आहे. तो गेला, की बाईनं आत स्वयंपाकघरात जाऊन तिळगुळाच्या ताटल्या भरायच्या. काम तिचं, सण दुसरीचा!

उगाच तिकडचं सगळं डोक्यावर घेण्याचं मात्र कारण नाही. कोलोनच्या कार्निव्हलमध्ये राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका अशी तीन मानाची पात्रं असतात आणि त्यातली कुमारिकाही परंपरेनं पुरुषच होतो! दारू प्रचंड. त्याच कोलोनमध्ये २०१५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री रेल्वे स्टेशनजवळ शेकडो बायकांची छेडछाड झाली, तेव्हापासून गर्दीत जाताना तिथली बाईही मागे वळून बघते. आमच्यातल्या तुर्की मैत्रिणीनं तर घरून निघतानाच परतीची गाडी कितीला ते लिहून घेतलं होतं. आणि कात्रीचं राज्य एका दिवसाचं. शुक्रवारी सकाळी घरातलं धुणं कोण लावत असेल, ते मी सांगायला नको. तरीही तो एक दिवस त्यांनी मागितला नव्हता, काम थांबवून घेतला होता.

आपल्याकडे काही हललंच नाही असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पण मैत्रिणींनो, परिपत्रक काही आपल्या उंबऱ्याशी येऊन कुंकवाचा करंडा पुढे करत नाही. माझ्या सासूबाईंना तुम्ही कितीही म्हणा, त्या “मला आपला तिळगूळच दे” म्हणत आतल्या खोलीकडे वळतात. त्यांना आग्रह करून उपयोग नाही, इतकी वर्षं अंगात मुरलेलं आहे ते. बोलावणारीनंच बोलावणं बदलायला हवं.

आमच्या भिशीत मी हा विषय काढला. पोळ्या लाटून देणारी, शाळेतली शिपाईबाई, एसटीतली कंडक्टर, शिवण शिवणारी, सगळ्या जणी भिशीत आहेत आणि त्यातल्या तिघींचे नवरे हयात नाहीत. एकीनं विचारलं, “मग वाण कोणाला द्यायचं?” दुसरी म्हणाली, “जी महिन्याला पैसे भरते तिला!” बराच वाद झाला. शेवटी पुढच्या संक्रांतीच्या निमंत्रणावर कुणाच्याही नावामागे ‘सौ.’ लिहायचं नाही, एवढं ठरलं. एवढ्यावरच आमच्या दोन बैठका गेल्या!