जाड जॅकेटातला गारठा

डिसेंबर लागला की शनिवारी रात्री बारी गावातून कळसूबाईच्या वाटेवर बॅटऱ्यांची रांग लागते. बहुतेकांच्या अंगात फ्लीसचे जाडजूड जॅकेट. पायथ्यालाच चढवलेले, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. पहिली लोखंडी शिडी येईतो आतला सुती टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजतो. मग १६४६ मीटरवर, सूर्योदयाची वाट बघत देवळापाशी उभी राहिलेली हीच मंडळी कुडकुडू लागतात. ‘जॅकेट कमी पडलं’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या हिवाळ्यात आणखी जाड जॅकेट येते.

कमी जाडी पडत नाही, आडोसा पडतो. शरीर आपल्याभोवती कोमट हवेचा एक पातळ थर धरून असते आणि वारा तो सारखा उडवून लावतो. अमेरिका व कॅनडाची हवामानखाती २००१ पासून जे सूत्र वापरतात त्यानुसार पारा १० अंशांवर आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या चेहऱ्याला ६ अंशांचा गारठा जाणवतो. हा हिशेब कोरड्या त्वचेचा. घामेजलेल्या टी-शर्टाचे त्यात काही धरलेले नाही. फ्लीस कितीही जाड असो, त्याची वीण सैल असते, वारा आरपार जातो. त्यावर शे-दीडशे ग्रॅमचे, मुठीत मावणारे घट्ट विणीचे विंडचीटर चढवले तर तेच फ्लीस दुप्पट कामाला येते. १९२४ साली जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टवर गेला तो आत रेशीम, लोकर, सुती असे पातळ थर आणि वर गॅबर्डीनचे जॅकेट घालून. शंभर वर्षांपूर्वीचीच ही युक्ती, पण आपल्या खरेदीच्या यादीत अजून आलेली नाही.

याला दुकानेही जबाबदार आहेत. जॅकेटच्या लेबलावर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ठळक असतो, कधी किती मिलिमीटर पाण्याचा दाब सोसेल तेही असते. पण कापडातून वारा किती आत येतो, हे मोजण्याची रीत कापडउद्योगात जुनी असूनही तो आकडा ग्राहकाला सहसा दिसत नाही. छताच्या पंख्याच्या खोक्यावर वाऱ्याचा आकडा छापतात. चार-पाच हजारांच्या जॅकेटवर का नाही? उत्पादकांनी तो द्यावा आणि ट्रेक नेणाऱ्या संस्थांनीही ‘सोबत काय आणावे’ या यादीत नुसते ‘उबदार जॅकेट’ असे लिहून मोकळे होऊ नये.

पाऊस आणि वारा दोन्ही एकाच कापडाने अडवू म्हणाल तर सह्याद्रीत ते जमणे कठीण. स्वस्त रेक्झिनसारखे कापड वारा, पाणी दोन्ही थोपवते, पण घामही आतच कोंडते. महागडे पटलवाले (मेंब्रेनचे) जॅकेट घामाची वाफ बाहेर सोडते, पण बाहेरची हवा कोरडी असेल तरच भरभर. जुलैत नाणेघाटात ढगात चालताना बाहेर सगळी दमटच हवा. वाफ जाणार कुठे? शिवाय तिथे वारा दरीतून वर येतो, धबधबा उलटा उडवतो आणि पोंचो डोक्यावर पालथा करतो. तिथे भिजायचे ठरवूनच जावे, कोरडा कपडा सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये ठेवावा आणि पैसे हिवाळ्याच्या विंडचीटरवर खर्च करावेत.

ते घेताना रंगापेक्षा शिवण बघा. चेनच्या मागे कापडाची पट्टी हवी, नाहीतर दातांतून वारा शिरतो. मनगटाला इलॅस्टिक, कमरेला ओढायची दोरी, काखेत हवा खेळायला जागा. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. मान वळवली आणि एक डोळा टोपीत गेला, तर शिडीवर ती धोक्याचीच. फ्लीसवर घालून दोन्ही हात वर करा, कंबर उघडी पडली तर एक माप मोठे मागा. आणि लेबल गप्प असेल तर एकेरी कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंका. पलीकडे तळहाताला झुळूक लागली तर ते जॅकेट फोटोपुरते. विक्रेता चमत्कारिक नजरेने बघेल, बघू द्या. त्याला उभे राहायचे आहे ते दुकानात.