'पोरांकडं लक्ष ठेवा' म्हणून शेततळं सुरक्षित होत नसतं



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की ग्रुपवर एक सूचना फिरायला लागते. 'शेततळ्याजवळ मुलांना जाऊ देऊ नका, मुलांकडे लक्ष ठेवा.' खाली हात जोडलेले. सगळे वाचतात, पुढं ढकलतात, काम झालं. मग कुठल्या तरी तालुक्यातून बातमी येतेच. पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं घसरलं, त्याला काढायला पोर गेलं, पोराला काढायला बाप नाहीतर बहीण गेली. आपण हळहळतो आणि पुन्हा तीच सूचना पुढं ढकलतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ही सूचना निरुपयोगी आहे. त्याहून वाईट म्हणजे ती दोष आधीच वाटून ठेवते. उद्या काही झालं की गाव काय म्हणणार? 'आईचं लक्ष नव्हतं.' तळं कोणी खोदलं, कागद कोणी अंथरला, दोर का नव्हता, हे कोणी विचारणार नाही.

आता ज्या आईनं लक्ष ठेवायचं तिचा मे महिन्यातला दिवस बघा. उन्हाळ कांदा काढून पडलाय, पात कापून चाळीत भरायचा आहे. द्राक्षवाल्यांकडं खरड छाटणी होऊन फुटी निघाल्यात, विरळणी चालू आहे. घरात कुरडया-पापडांची घाई. नणंदेची पोरं मामाच्या गावाला आलीत, म्हणजे घरात दोनाची पाच पोरं झाली. सकाळी सहाला ती आंब्याखाली, दहाला गोठ्यात, बाराला जेवून उठतात. दुपारी दोन ते चार मोठी माणसं जरा आडवी होतात, कारण पहाटेपासून राबलेली असतात. पोरं मात्र झोपत नाहीत. ट्रॉलीखाली सावलीला पडलेलं कुत्रं उठलं की त्याच्या मागं निघतात. लक्ष ठेवणारा माणूस दिवसातून दहा वेळा चुकतो. चुकणारच, माणूस आहे तो. ज्या व्यवस्थेत एकदा नजर हटली की जीव जातो ती व्यवस्थाच चुकीची आहे.

यावर काही शहाणे म्हणतात, 'पोरांना शेतावर आणताच कशाला?' याच्याइतकं घातकी बोलणं नाही. पोर शेतावर आलं नाही तर त्याला गवत आणि गहू यातला फरक कुठून कळणार? वस्तीवर राहणाऱ्यांचं तर घरच शेतात आहे, ते पोरांना नेणार कुठं? पोरं येणार, कुत्रं येणार, दोघं मिळून पाण्याकडं जाणार. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं तितकंच हे नक्की आहे. आपण ओढ्याला 'येऊ नको' म्हणत बसत नाही, बांधाला सांडवा ठेवतो. इथंही तसंच करावं लागेल.

आता कृषीवाल्या मित्रांनी जरा गणित बघावं.

'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली. त्यातलं सगळ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. उतार १:१ धरला तर तळाला २४ बाय २४ राहतात आणि पाणी बसतं २१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. १:१ उतार म्हणजे ४५ अंश. बहुतेक कौलारू घरांचं छप्परही एवढं उभं नसतं. अशा उतारावर न घसरता उभं राहायचं तर घर्षण गुणांक किमान १ लागतो. ओला प्लास्टिकचा कागद, वर शेवाळाचा बुळबुळीत थर, त्यावर पोराचा अनवाणी पाय. एकाच्या जवळपासही जात नाही. दीड-दोनास-एक उतार ठेवला तर थोडं बरं, पण शेवाळलेल्या कागदावर तोही चढवत नाही.

म्हणून 'आमच्या पोराला पोहता येतं' याला अर्थ नाही. पोहणारा पाण्यावर राहतो, पण त्याला बाहेर यायचं असतं. तळ्यात धरायला काही नसतं. हात टाकला की सटकतो, पाय रोवला की मागं येतो. प्रत्येक प्रयत्नाला दम जातो. पट्टीचा पोहणाराही शेवटी दमानं हरतो.

दुसरी गोष्ट, जी फार थोड्यांच्या ध्यानात येते. भरलेल्या तळ्यापेक्षा निम्मं उपसलेलं तळं जास्त धोक्याचं असतं. भरलेल्या तळ्यात काठ हाताला लागतो. मे महिन्यात पाणी दीड मीटर खाली गेलं की पाण्यापासून काठापर्यंत सात फूट उघडा, निसरडा कागद राहतो. आणि राहिलेलं पाणी? तेही पाच फूट. आठ वर्षांचं पोर चार फुटांच्या आसपास असतं. 'आता काय, तळ्यात थोडंच पाणी राहिलंय' असं आपण म्हणतो तेव्हाच ते तळं सगळ्यात वाईट अवस्थेत असतं.

'आम्ही विहिरीत उड्या मारून मोठे झालो, आम्हाला काय झालं?' हे तर पारावरचं आवडतं वाक्य. विहिरीला पायऱ्या होत्या, नाहीतर दगडाच्या खोबण्या होत्या, मोटेचं थारोळं होतं, पाइप होता. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून चुलता स्वतः पाण्यात उभा असायचा. आणि ज्यांना काही झालं ते आज पारावर बोलायला नाहीत, हेही विसरू नका. कागदाच्या तळ्यात यातलं काहीच नसतं. विहिरीचा अनुभव इथं लावणं म्हणजे बैलगाडीच्या अनुभवावर ट्रॅक्टर उतारावर सोडण्यासारखं आहे.

आता कुत्र्याबद्दल. काहींना वाटेल, माणसाच्या जिवाची गोष्ट चालू आहे, त्यात कुत्रं कशाला? कारण बऱ्याचदा सुरुवात त्याच्यापासून होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, त्यातूनच अंग थंड करतो, आणि त्यात पाणी भराभर जातं. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात त्याला परत परत पाणी लागतं. आपण गाईला हौद बांधतो, कोंबड्यांना भांडं लावतो. कुत्र्याला सकाळी भाकरीचा तुकडा टाकला की झालं. मग तो पाणी शोधत कुठं जाणार? तळ्यावर. तो घसरला, केकाटायला लागला, की पोर त्याच्यासाठी उतरणारच. पोरानं तसं करू नये असं वाटत असेल तर कुत्र्याला तळ्यावर जायची गरजच पडू देऊ नका. घराजवळ, गोठ्याजवळ, झाडाच्या सावलीत एक पसरट घमेलं, दिवसातून दोनदा ताजं पाणी. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आजच्या आज होतो.

ज्यांना कुत्र्याची कीव येत नाही त्यांनी कागदाची तरी करावी. घसरलेलं कुत्रं जीव वाचवायला नखांनी कागद ओरबाडतं. एक भोक पडलं तरी खालून पाणी झिरपतं आणि भोक सापडता सापडत नाही.

खर्चाचं रडगाणं मला मान्य नाही. ३० बाय ३० च्या तळ्याला तळ आणि चारी उतार धरून हजार चौरस मीटरच्या वर कागद लागतो, चरात गाडायचा वेगळा. तो आपण आणतो. जेसीबीचे तास देतो. मोटार, पाइप, फिल्टर सगळं येतं. आणि दोर किती लागतो? उताराची लांबी सव्वाचार मीटर, काठावर बांधायला दोन-अडीच मीटर, म्हणजे एका दोराला सात मीटर. एका बाजूला दोन असे आठ दोर. गाठींमध्ये दोर जातो, म्हणून एकूण ७० मीटर धरा. हजार मीटर कागद परवडतो आणि ७० मीटर दोर परवडत नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याची अडचण पैशाची नाही.

काय करायचं ते नीट सांगतो.

एक, दोर. अंगठ्याएवढा जाड, हातात नीट बसणारा, दर फुटाला गाठ मारलेला. प्रत्येक बाजूला दहा-दहा मीटरवर. खुंटा किंवा लोखंडी अँगल कागदाच्या चराबाहेर, पक्क्या मातीत खोल गाडायचा. दोराचं खालचं टोक तळापर्यंत जाईल एवढं सोडायचं आणि त्याला बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधायचा, म्हणजे टोक तरंगतं आणि घाबरलेल्या माणसाला दिसतं. कॅन तेलाचा घ्या, औषधाचा नको. उन्हानं दोर कुजतो, म्हणून दर पाडव्याला दोन माणसांनी लोंबकळून बघायचं. शंका आली की बदलायचा.

दोन, चढण. एका कोपऱ्यात जुने टायर दोराने एकमेकांना बांधून काठापासून तळापर्यंत सोडा. तार बाहेर आलेले टायर नकोत, कागद फाटेल. माणूसही चढतो, कुत्रंही चढतं, रात्री पडलेलं हरीण, मुंगूसही वाचतं.

तीन, कुंपण. काठाची लांबी १२० मीटर, कुंपण थोडं बाहेरून घ्या. जाळी असेल तर उत्तम, पण खालची कडा जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर कुत्रं खालून घुसतं आणि पोर त्याच वाटेनं. फाटकाची कडी पोराच्या हाताला लागणार नाही एवढी वर. कुंपण यंदा होत नसेल तर दोर थांबवू नका. कुंपणाची वाट बघत दोर राहून गेला असं व्हायला नको.

चार, काठावर कायम ठेवायचं सामान. एक लांब बांबू आणि ट्रकची हवा भरलेली ट्यूब. हे दोन्ही दुसऱ्या कामाला न्यायचं नाही, कितीही नड असली तरी.

पाच, घरातल्या प्रत्येकाला, पोरांनाही, एक वाक्य पाठ करून घ्या: पाण्यात उतरायचं नाही, फेकायचं. दोर फेका, ट्यूब फेका, बांबू पुढं करा, ओरडून माणसं बोलवा. मागोमाग उडी घेतल्यानं एकाचे दोन होतात. आणि बुडणारं लहान पोर सिनेमासारखं ओरडत नाही, बऱ्याचदा आवाजही होत नाही.

बाहेर काढल्यावर उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबणं हे बंद करा. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जातं. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाब, ३० दाब आणि २ श्वास या हिशोबानं, मदत येईपर्यंत. एकानं लगेच १०८ ला फोन लावायचा. हे नीट शिकायचं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना गावात बोलवा, एका संध्याकाळचं काम आहे.

शेवटी कृषी सहायक, सल्लागार आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींना. तुम्ही बांधावर येता, माती बघता, ईसी-पीएच काढता, ठिबकचा दाब मोजता. तळ्याचे फोटो तर चारी बाजूंनी काढता. पुढच्या वेळी एक प्रश्न वाढवा: 'दादा, दोर कुठंय?' दोर नसेल तर त्या तळ्याचं काम अपुरं आहे असं तोंडावर सांगा. शेतकऱ्याला राग येईल, येऊ द्या. तुमच्या भेटवहीत डाळिंबावरच्या तेल्याची नोंद होते, त्याच पानावर ही एक ओळ सहज बसते. कागद विकणाऱ्यांनीही बिलासोबत दोर द्यावा. एवढ्या मोठ्या बिलात तो दिसणारही नाही.

'नशिबात होतं' असं कोणी कॉमेंटमध्ये लिहिणार असेल तर लिहू नका. गारपीट नशिबात असते, भाव नशिबात असतो. ४५ अंशाचा कागद आपण स्वतः अंथरलाय.

ज्यांच्याकडं तळं आहे त्यांनी या पोस्टला लाईक नाही केलं तरी चालेल. दोर बांधा, त्याचा फोटो खाली टाका. आणि कुत्र्याच्या घमेल्यात पाणी आहे का, ते आत्ता उठून बघा.