खोकला असेल तर केस पेपर काढतानाच सांगा



दवाखान्यात येताना खोकला, ताप, सर्दी यांपैकी काहीही असेल तर ते केस पेपरच्या खिडकीवरच सांगा आणि तोंडाला मास्क लावून या. घरात कोणाला तशी लक्षणं असतील तर तेही सांगा. एवढ्यासाठीच हे आवाहन आहे.

कोरोनाच्या काळात सगळ्यांना वाटायचं की डॉक्टर-नर्सना सर्वांत मोठा धोका कोविड वॉर्डात आहे. धोका तिथे होताच. श्वासनलिकेत नळी घालताना, घशातला कफ खेचून काढताना रुग्णाच्या तोंडातून उडणारे कण थेट चेहऱ्यापर्यंत येतात. पण तिथे शिरणाऱ्याला आपण कुठे शिरतोय हे माहीत होतं. पीपीई किट चढवून, एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून, भर मे महिन्यात तासन्‌तास पाण्याचा घोटही न घेता माणसं काम करत होती. खरी फसगत व्हायची ती दुसरीकडे. अपघात विभागात, प्रसूती कक्षात, डायलिसिसच्या खोलीत. पोटात दुखतंय म्हणून दाखल झालेला माणूस चार दिवसांचा ताप दडवतो. त्याला सलाईन लावायला सिस्टर वाकतात, स्ट्रेचरवरून उचलायला मामा कवेत घेतात, मावशी त्याची उलटी पुसतात. त्यांच्या तोंडावर साधा मास्क असतो, कधी तोही नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतली काही मोठी खासगी रुग्णालयं नव्या रुग्णांसाठी बंद करावी लागली, ती कर्मचाऱ्यांनाच लागण झाल्यामुळे. एका रुग्णालयाचं दार बंद झालं की त्या भागातल्या हृदयरोग्याने आणि बाळंतिणीने कुठे जायचं?

हे कोरोनातच घडलं असंही नाही. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात साधा न्यूमोनिया समजून एका तरुणाला सर्वसाधारण वॉर्डात ठेवलं होतं. त्याला नेब्युलायझरने औषध दिलं जात होतं. तो आजार सार्स होता. त्या एका वॉर्डातून शंभराहून अधिक लोकांना लागण झाली आणि त्यांत मोठ्या संख्येने डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थी होते. त्या साथीत जगभर सुमारे ८,००० रुग्ण नोंदले गेले. त्यांतला जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस आरोग्यसेवेतला होता. कोरोनात तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मे २०२१ पर्यंत सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी जगभरात दगावले. आकड्यात डॉक्टरांची नावं कुठेतरी सापडतात. सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांची मोजदाद नीट कोणी केली नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

मास्क रुग्णानेही लावावा, ही काही नव्या जमान्याची टूम नाही. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे ६०,००० माणसं मेली. हा प्लेग श्वासातून पसरतोय, हे डॉ. वू लिएन-तेह यांनी ओळखलं आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण, त्यांच्या संपर्कातली माणसं, सर्वांनी कापसाची घडी घातलेला जाळीदार कापडाचा मास्क लावावा असा आग्रह धरला. वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले फ्रेंच डॉक्टर मेनी यांना ते पटलं नाही. ते मास्क न लावता रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांतच त्याच प्लेगने वारले.

आता लोक आजार का लपवतात, तेही बोलू. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला जात होता. तो शिक्का दिसला म्हणून पालघरला प्रवाशांना गाडीतून उतरवलं गेलं. अशा लोकांच्या घरी दूध येणं बंद झालं, शेजाऱ्यांनी नळावर पाणी भरू दिलं नाही. कोविड वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. अशा वातावरणात कोणता माणूस आपणहून सांगेल की मला ताप आहे? खरं बोलणाऱ्याला वाळीत टाकलं, की पुढचे दहा जण गप्प बसतात आणि त्यांच्या गप्प बसण्याची किंमत वॉर्डातली माणसं मोजतात. म्हणून हे आवाहन रुग्णाइतकंच शेजाऱ्यांना, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि घरमालकांना आहे.

नातेवाइकांना हात जोडून विनंती: रुग्णाजवळ एकानेच थांबा. गावाकडून जीपभर माणसं भेटायला येतात, न गेलं तर लोक काय म्हणतील म्हणून येतात, हे मला ठाऊक आहे. त्यामागची माया खोटी नाही. पण खाटेभोवती आठ जण उभे राहिले की वॉर्डाची हवा तेवढी कोंदट होते आणि त्या हवेत सिस्टरांना पूर्ण पाळी काढायची असते. तसंच, 'पेशंटला वारं लागेल' म्हणून खिडक्या लावून घेऊ नका. थंडी वाजत असेल तर चादर मागा, खिडकी उघडी राहू द्या. एसी लावून बंद खोलीत तपासणाऱ्या डॉक्टर मंडळींनाही हेच सांगणं आहे.

साथ नाही, मग आता कशाला, असं कोणी म्हणेल. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण आपल्या देशात आहेत. क्षयाचा जंतू हवेतूनच पसरतो, त्याला लाटेची वाट पाहावी लागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. ती करून घ्या. फ्लूसुद्धा दर पावसाळ्यात येतोच.

गणेश मंडळांना, महिला बचत गटांना आणि गृहनिर्माण संस्थांना शेवटची मागणी. आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जा, तिथल्या डॉक्टरांशी बोला आणि केस पेपरच्या खिडकीवर रुग्णांसाठी मास्कचा एक खोका कायम भरलेला राहील, एवढी जबाबदारी घ्या. दारोदार फिरणाऱ्या आशाताईंनाही विचारा, त्यांच्याकडे मास्क आहेत का. वर्गणीतला अगदी थोडा पैसा त्याला पुरेल. पावसाळ्याच्या आधी हे झालं तर उत्तम.

आपली,
एक निवृत्त परिचारिका