मनःशांती कोणाच्या सोयीसाठी?

आमच्या ओळखीच्या एक भगिनी वृद्धाश्रमात रुग्णसेवेचे काम करतात. गेल्या वर्षी तेथील माणसे कमी झाली, रात्रपाळ्या वाढल्या. चौघींनी मिळून वरिष्ठांकडे तक्रार नेली. महिनाभराने उत्तर आले ते असे : दर मंगळवारी अर्धा तास 'माइंडफुलनेस'चा वर्ग, तोही फुकट! पाळ्या होत्या तशाच राहिल्या.

हिब्रूत जिला 'कशिवूत' म्हणतात त्या पद्धतीशी आमचे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात अभ्यासक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रोग्यांसाठी. पुढे २०१४ साली ध्यानपद्धतींच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. चिंता, उदासी, वेदना यांत थोडा उतार पडतो असे त्यात दिसले. औषधे वा व्यायाम यांहून ही पद्धत सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. 'रिकामटेकड्यांचे चोचले' म्हणून हसणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी आणि तिलाच रामबाण मानणाऱ्या तरुणांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे. वर्गात आरंभी हातावर एक मनुका ठेवतात. ती निरखायची, हुंगायची, सावकाश चघळायची. किद्दुशच्या शरबतासाठी काळ्या मनुका भिजत घालत आलेल्या आमच्या बायांना यात नवल ते काय वाटणार!

आमचा राग आहे तो 'स्वीकारा' या शब्दाच्या गैरवापरावर. मानसशास्त्र सांगते, मनात राग आला की तो ओळखा, त्याला बरावाईट न म्हणता पाहा. म्हणजे भरात भलतेच काही हातून घडणार नाही. रागाचे कारणही मुकाट्याने पत्करा, असे त्यात कोठे आहे? कोणी आपला पाय तुडवीत असेल तर वेदनेकडे शांतपणे पाहत बसायचे, की आधी त्याला पाय काढ म्हणायचे? वरिष्ठांना ही पद्धत एवढी का आवडली, ते येथे उमजते. माणसे नेमायला पैसे लागतात. श्वास मोजायला लागत नाहीत. शिवाय थकवा गेला नाही तर दोष थकणाऱ्याचाच, कारण वर्ग तर दिला होता!

१९६२ साली रब्बीनेटने बेने इस्राएलांच्या विवाहांना पूर्वजांच्या चौकशीची अट घातली, तेव्हा आपल्या आईबापांच्या मनाला काय झाले असेल? ते दुःख त्यांनी ओळखले, आणि ते कोणामुळे आहे हेही. येरुशलेमला येऊन ते धरणे धरून बसले. १९६४ साली क्नेसेटला आपल्या बाजूने ठराव करावा लागला.

त्या भगिनींना आम्ही एवढेच सांगितले, "मंगळवारी वर्गाला जरूर जा, मनुका खा, तेवढाच विसावा. बुधवारी पाळ्यांचा तक्ता घेऊन कामगार संघटनेच्या कचेरीत जा." हिब्रूत अर्ज लिहायला आमच्यातले दोघे त्यांच्याबरोबर जाणार आहेत.