दाखल्यावरील एक अक्षर

परदेशीं जाऊन स्थायिक होण्याची गोष्ट आज आपल्या शाळेंतील पुष्कळ घरांतून बोलली जाते. कोणाचा वडील भाऊ दुबईस असतो, कोणाची मावशी टोरांटोस परिचारिका असते, आणि दहावीच्या वर्गांतील मुलगा "सर, मलाहि जावयाचें आहे" असें बिनदिक्कत सांगतो. जावें कीं न जावें हा वाद मी येथें मांडीत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मला सांगावयाचें तें निराळें. व्हिसाचें काम वकिलातीच्या खिडकीपाशीं सुरू होतें असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या मतें तें मुलाचें नांव शाळेच्या जनरल रजिस्टरांत घातलें जातें त्याच दिवशीं सुरू होतें, आणि त्या दिवशीं आपण सारेच, शिक्षक आणि पालक दोघेहि, फार निष्काळजी असतों.

महाराष्ट्रांत १ जून हा जितक्या लोकांचा वाढदिवस आहे तितक्यांचा दुसरा कोणताहि दिवस क्वचितच असेल. ह्याचें कारण ग्रहांकडे मागूं नये. तें गुरुजींच्या लेखणींत सांपडतें. बाप मुलास बोटाला धरून शाळेंत आला, जन्माचा कागद जवळ नाहीं, "पुराच्या वर्षीं झाला" एवढेंच ठाऊक; तेव्हां शाळेच्या वर्षारंभीं वय पुरें भरावें म्हणून गुरुजींनीं १ जून मांडून टाकला. त्या काळीं त्यावांचून कोणाचें कांहीं अडलें नाहीं. परंतु तोच मुलगा पुढें मोठा होऊन परदेशचा अर्ज करतो, तेव्हां ग्रामपंचायतीच्या नोंदींत नोव्हेंबर निघतो, दाखल्यांत जून असतो, आणि धाकट्या भावाची तारीखहि वर्षाच्या अंतरानें नेमकी १ जूनच असते. हजारों मैलांवर बसून कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यास आमचे गुरुजी ठाऊक नसतात. त्याला दोन तारखा दिसतात, आणि त्यांतील एक खोटी असली पाहिजे, एवढेंच त्याचें गणित असतें. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांस पासपोर्टासाठीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल असा नियम झाला आहे; तेव्हां पुढील पिढी ह्या घोळांतून सुटेल. आज वर्गांत बसलेली पिढी मात्र त्यांत आहे.

नांवाचेंहि तसेंच. आपल्या रीतीप्रमाणें स्वतःचें, वडिलांचें आणि आडनांव अशीं तीन नांवें. पासपोर्टांत रकाने दोनच. वडिलांचें नांव कोणी पहिल्या रकान्यांत घालतो, कोणी अजिबात गाळतो. इंग्रजींत एकच आडनांव सख्खे भाऊ दोन तऱ्हांनीं लिहितात. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत तर बाप्तिस्म्याच्या नोंदींत योहान, शाळेंत जॉन, आणि घरीं बाळू! मुलीची पदवी माहेरच्या नांवावर, पासपोर्ट सासरच्या. ह्यांत लबाडी कोणाचीच नाहीं, पण कागदाला हेतु कळत नाहीं. मॉरिशस बेटावर १८३४ पासून गिरमिटाखालीं मजूर गेले, आणि त्यांत पुढें मराठी माणसेंहि होतीं. कारकुनाला ऐकूं आलें तसें नांव त्यानें लिहिलें, आणि आजोबांचें पहिलें नांव तेंच नातवांचें आडनांव होऊन बसलें. तेथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें तीं जुनीं दप्तरें आहेत, आणि वंशज आजहि त्यांत आपलें मूळ धुंडाळतात.

आतां कॅनडाचें उदाहरण घेऊं, कारण तिकडेच बहुतेकांचा ओढा आहे. तेथें जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' नांवाची पद्धति आहे. उमेदवारानें आपली माहिती संगणकावर भरावयाची. वय, शिक्षण, भाषा, अनुभव ह्यांस गुण मिळतात, एकूण १२०० पैकीं. क्रमवारी लागते, आणि वरच्या क्रमांकांस निमंत्रण येतें. येथवर तें परीक्षेसारखेंच आहे, आणि आपलीं मुलें परीक्षेस भीत नाहींत. अडचण पुढें आहे. निमंत्रणानंतर ६० दिवसांच्या आंत संपूर्ण अर्ज गेला पाहिजे. भाषेच्या परीक्षेचा निकाल २ वर्षांहून जुना चालत नाहीं. पदवीचें मूल्यमापन ५ वर्षांच्या आंतलें लागतें. गेल्या १० वर्षांत कोठें राहिलों, काय करीत होतों, ह्याचा हिशेब एका महिन्याचाहि खंड न ठेवतां द्यावा लागतो. बेकारीचे महिने असले तर तेहि तसेच लिहावे लागतात. त्यांतच पोलिसांचा दाखला, बँकेचे कागद, जुन्या मालकानें कामाचें स्वरूप व तास नमूद करून दिलेलें पत्र. आणि नांवांत फरक निघाला तर सरकारी राजपत्रांतील प्रसिद्धीची धांवाधांव. वयाचे गुण २० ते २९ ह्या वयांत सर्वाधिक असून तिशीपासून ते उतरूं लागतात. म्हणजे एका अक्षरापायीं वर्ष गेलें तर गुणहि गेले.

ह्याच घाईंत दलाल भेटतो. "तुम्ही पैसे द्या, कागद आमच्यावर सोडा," हें त्याचें वाक्य पालकांस फार गोड लागतें. परंतु अर्जाखालीं सही उमेदवाराची असते. खोटी माहिती दिल्याचें वा खरी दडविल्याचें ठरलें, तर कॅनडाच्या कायद्याप्रमाणें ५ वर्षे दार बंद. २०२३ सालीं आपल्या देशांतील कित्येक विद्यार्थ्यांचीं प्रवेशपत्रें बनावट असल्याचें उघडकीस आलें. शिकून, नोकरीस लागून झाल्यावर त्यांच्यावर परत पाठविले जाण्याची पाळी आली, आणि आपलें पत्र खोटें होतें हेंच आपणांस ठाऊक नव्हतें असें त्यांतील अनेकांचें म्हणणें होतें. त्या वर्षाच्या डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्र त्या संस्थेकडून पडताळून घेण्याचा नियम झाला. नोकरीच्या पत्रास जे जादा गुण मिळत तेहि मार्च २०२५ मध्यें काढून टाकले, कारण तीं पत्रें विकत मिळूं लागलीं होतीं! परवानाधारक सल्लागार कॅनडांत आहेत, त्यांची यादी कोणासहि विनामूल्य पाहतां येते, आणि त्यांची मदत घेण्यांत गैर कांहीं नाहीं. तरीहि अर्ज मुलानें स्वतः वाचावा व स्वतः भरावा, असा माझा आग्रह आहे. ज्याला स्वतःच्या दहा वर्षांचा हिशेब नीट लिहितां येत नाहीं त्यानें परक्या मुलुखांत घरभाड्याचा करार कसा वाचावा?

आखाताकडे डोळे लावून नववींत शाळा सोडूं पाहणाऱ्या मुलांसाठीं एक गोष्ट. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालीं अशिक्षित मजुराची फसवणूक होऊं नये म्हणून तपासणीची अट घातली गेली, आणि दहावी उत्तीर्ण झालेल्यास तींतून सूट मिळाली. ज्या प्रमाणपत्रास हीं मुलें तुच्छ लेखतात त्याची किंमत ती अशी.

हें काम शाळेचें नव्हे, असें कांहीं सहकारी म्हणतात. मला तें पटत नाहीं. नोंद आपण केली, चूक आपल्या रजिस्टरांत आहे, आणि विद्यार्थी शाळेंत आहे तोंवर दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावर तीच महिनोन् महिने खाते. म्हणून नववीच्या दुसऱ्या सत्रांत, बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वीं, एक शनिवार ह्यासाठीं राखून ठेवावा. वर्गशिक्षक, पालक आणि विद्यार्थी ह्यांनीं एका बाकावर बसून रजिस्टरांतील ओळ मोठ्यानें वाचावी व इंग्रजी अक्षरें एकेक करून ताडून पाहावीं. पालकांनीं येतांना जन्मदाखला, आधारपत्र आणि असल्यास बाप्तिस्म्याचा दाखला मूळ प्रतींत आणावा. नक्कल आणल्यास परत जावें लागेल.