जुलैतच हार घालू नका

कोलकात्यात फुटबॉलचा मोसम पावसाबरोबर येतो. 1898 पासून चालत आलेली कलकत्ता लीग मैदानावर चिखल तुडवू लागते, ड्युरँड कप सुरू होतो, आणि दोन-तीन सामने झाले की चहाच्या टपरीवर यंदाचा सर्वोत्तम खेळाडू ठरूनही जातो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, आणि गोल मोजले की झालं, बाकी सगळ्या बाता. मोहन बागानवाला असो की ईस्ट बंगालवाला, दोघंही हेच ठणकावून सांगतात. मला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

31 ऑगस्ट 2024. सॉल्ट लेकवर ड्युरँडची फायनल. मोहन बागानने 2-0 अशी आघाडी घेतली आणि नॉर्थईस्ट युनायटेडने उत्तरार्धात दोन्ही गोल फेडले. शूटआउटमध्ये मोहन बागानच्या शुभाशिष बोसची पेनल्टी गोलकीपर गुरमीतने अडवली आणि कप गेला. पंधरवड्याने इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच सामन्यात मुंबई सिटीविरुद्ध पुन्हा 2-0 चे 2-2 झाले. सप्टेंबरअखेर बेंगळुरूत 0-3 अशी हार. त्या दिवसांत पुरस्कारासाठी कुणी बोसचं नाव घेतलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. मे 2025 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वर्षातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू म्हणून निवडला तो हाच लेफ्ट बॅक. मधल्या काळात त्याच्या कप्तानीत मोहन बागानने 24 सामन्यांत 56 गुण मिळवून लीग शिल्ड राखली होती आणि बेंगळुरूलाच फायनलमध्ये हरवून सुपर लीगचा कपही घेतला होता.

इथे मला कुणी अलाएद्दीन अजाराईचं नाव ऐकवेल. ऐकवावंच. ड्युरँडच्या त्या फायनलमध्ये नॉर्थईस्टच्या या मोरोक्कन खेळाडूने गोल केला आणि पुढे सुपर लीगमध्ये 23 गोल करून गोल्डन बूट आणि गोल्डन बॉल दोन्ही नेले. ऑगस्टमध्येच त्याच्यावर बोट ठेवणारा बरोबर ठरला, हे मी कबूल करतो. पण त्याचा मोठेपणा सिद्ध झाला तो महिनोन्महिने तसंच खेळत राहिल्यामुळे, आणि सात गोल त्याने दुसऱ्यांना करून दिले होते तेही हिशेबात धरायला हवं. उलट 17 ऑगस्ट 2025 ला ड्युरँडमधल्या डर्बीत दिमित्रिओस दियामांताकोसने दोन गोल ठोकले, ईस्ट बंगालने मोहन बागानला 2-1 ने हरवलं. तीनच दिवसांत डायमंड हार्बरने त्याच ईस्ट बंगालला 2-1 ने घरी पाठवलं.

मग मोसम संपेपर्यंत गप्प बसावं, असं सांगणारेही भेटतात. ते तर मला मुळीच पटत नाही. कलकत्ता लीगमधली नवी पोरं पावसाळ्यातच नजरेला पडतात. तेव्हा त्यांची नावं घेतली नाहीत तर पुढे कुणी घेणार नाही. वाद जरूर घाला, पण चेंडू सोडून बघायला शिका. मी वीस-वीस मिनिटं एकाच खेळाडूवर नजर ठेवतो. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना लेफ्ट बॅक दोन पावलं आत येतो का? मान वळवून पाठीमागचा विंगर पाहतो का? चूक झाल्यावर पुन्हा चेंडू मागतो का?

गेल्या पावसाळ्यात मैदानावर लीगचा एक सामना पाहत होतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या एका बॅकचा पास चिखलात रुतला आणि त्यावरच गोल झाला. सगळे गोल करणाऱ्याच्या नावाने ओरडत होते. मिनिटभरात तो पोरगा त्याच चिखलाच्या जागी येऊन उभा राहिला आणि हात वर करून गोलकीपरकडे चेंडू मागू लागला. यंदाच्या माझ्या यादीत पहिलं नाव त्याचं आहे.